न पुसलेला टिळा

१

पुतळ्यावर माशी बसत नाही. बसली तरी टिकत नाही, कोरड्या मातीत तिला काय मिळणार? पण काळधाना गावच्या मँगनीजच्या खाणीत, गॅसबत्तीच्या उजेडात, सातव्या पुतळ्याच्या ओठावर एक माशी येऊन बसली आणि बसूनच राहिली.

ती प्रेमलताबाईंना दिसली. पुढे भोपाळचे साहेब चालले होते. त्यांना खेटून संग्रहालयाचे प्रमुख श्रीकांत देवधरे हात हलवत सांगत होते, "हा पाहार मारणारा मजूर, हा टोपलं उचलणारा, आणि हा दमून बसलेला." साहेब 'वा, वा' करत पुढे सरकत होते. मँगनीजची भिंत काळीशार होती, उजेड गिळून टाकणारी. त्या काळ्यासमोर गेरूनं रंगवलेले तांबडे मातीचे मजूर ओळीनं मांडलेले. चेहरे सगळे सारखे, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. घडवणाऱ्यानं मुद्दामच डोळे काढले नव्हते. डोळे फक्त देवाला काढायचे, अशी त्याची रीत.

दमून बसलेल्या सातव्याला मात्र डोळे होते.

बाईंच्या मागून पंचफुला येत होती, खाणीच्या राखणदाराची, चिंधूची बायको. पुतळे याच दोघा नवराबायकोनं घडवले होते. तिनं बाईंचा दंड घट्ट धरला.

"बाई, हा आमचा नोहे."

"म्हंजे?"

"आमचे सहाच हायेत ना. सातवा तिगावच्या फाटकापाशी बंडीतून पडला अन् फुटला. ही जागा रिकामीच ठेवली होती आमी." तिनं बत्ती उंच धरली. "हा कोण बसला इथं?"

बाईंनी हात पुढे करून पुतळ्याच्या गालावरची माती बोटानं खरवडली. माती ओली होती. खाली दाढीचे पांढरे खुंट निघाले.

या खाणीचा जुना मुकादम गुणवंता होता तो. म्हातारा, मुंडासं भुवयांपर्यंत ओढलेलं, डोक्याच्या मागची बाजू फुटलेली. अंगावर, पुतळ्यांच्या डागडुजीसाठी तिथंच ठेवलेली गेरूमाती फासलेली, आणि दोन्ही भुवयांच्या मधे, मातीच्या वर, अंगठ्याएवढा काळा टिळा.

२

भोपाळचे साहेब जीपमधे बसून निघून गेले. नवं राज्य, नवी जीप. मागच्याच कार्तिकात रेघ ओढली गेली, नागपूर पलीकडे गेलं आणि सौंसर-पांढुर्णा अलीकडे राहिलं, तेव्हापासून इकडे जो येई तो उद्घाटन करून निघून जाई. मजूर कुठल्या राज्यात मेला हे विचारायला कुणी थांबत नसे.

मागे राहिले ते सौंसरचे ठाणेदार रघुनाथराव, दोन शिपाई आणि ज्यांना जाऊ दिलं नाही ते लोक.

प्रेमलताबाई पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत. निमंत्रण शाळेला आलं होतं, पण बाई आल्या त्या स्वतःसाठी. त्यांचा जन्मच या खाणीच्या लायनीतला, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतला. आई टोपलं वाहायची, बाप सुरुंगाची भोकं पाडायचा. पोरगी शिकली, बाई झाली. बाप मेला तेव्हा त्या नागपूरला ट्रेनिंगला होत्या. पोचल्या तेव्हा राख थंड झालेली होती.

म्हणूनच सकाळी खाणीच्या तोंडाशी पाहुण्यांना गुलाल आणि हार चालले होते, तेव्हा बाई बाजूला झाल्या होत्या. तिथं कोनाड्यात खाणमायचा शेंदरी धोंडा. चिंधू त्याच्या आडोशाला उभा होता.

"चिंधूभाऊ, मले लाव."

"तुमाले? तुमी त आता साहेबातल्या."

"लाव म्हणते ना! का माह्या मायनं टोपलं वाह्यलं थे विसरला?"

चिंधू हसला. जवसाच्या तेलात कालवलेली काजळी त्यानं अंगठ्यावर घेतली आणि बाईंच्या केसांच्या मुळाशी टेकवली. बाईंनी वरून पदर घेतला. त्या थंड ठिपक्यासरशी लहानपण डोळ्यांपुढे आलं. संध्याकाळी आई वर आली की आजी दारातच उभी असायची. ओल्या पदरानं आईचं कपाळ पुसायची, मगच भाकरीला हात. पुसल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे.

त्या वेळी गुणवंता आत मरून बसला होता, हे कुणाला ठाऊक?

३

संग्रहालय म्हणजे कंपनीच्या गोऱ्या मॅनेजराचा जुना बंगला. दाराला लाल फीत बांधलेली होती, उद्घाटनासाठी. प्रेत व्हरांड्यात आणून ठेवलं आणि रघुनाथराव ठाणेदारांनी ती फीत हातानंच तोडली. कात्री तबकात तशीच राहिली. श्रीकांत देवधऱ्यांनी खिशातून किल्ली काढून दार उघडलं. ठाणेदारांनी आत नेलं ते चिंधूला आणि देवधऱ्यांना. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आपल्या पायांनी गेल्या.

आत काचेच्या पेट्या, दगड, कंदील, गंजलेल्या पाहारी. मेलेल्याचं हत्यार पुसून काचेत ठेवलं की त्याला इतिहास म्हणायचं आणि मेलेल्याचं नाव गाळायचं, असा हा धंदा. एका पाहारीची जागा रिकामी होती. ती पुतळ्याच्या हातात द्यायला कालच खाणीत नेलेली; तिथंच सापडली, टोकाला केस चिकटलेले.

"बोल," ठाणेदार चिंधूला म्हणाले.

"गुणवंता सकाळीच आला जी. मले आत जाऊ दे, म्हणे, भाषण व्हायच्या आधी एकदा जागा पाहून घेतो. मंग म्या त्याले जाऊ देल्लं. अन् मी नाल्यावर पाणी आणाले गेलो, पाहुण्याइले हातपाय धुवाले. फाटक उघडंच होतं, हारवाले येऊन राहिले होते, जाऊन राहिले होते. वापस आलो त गुणवंता दिसला नाही. मले वाटलं, गेला असन."

"अन् काल त्याच्यासंगं भांडला तो कोण? तुहा बाप?"

"भांडलो ना जी. थो म्हणे, ह्या पुतळ्याइले नाव दे. म्या म्हटलं, मातीले कायचं नाव?"

"फाटक तुहं. माती कालवाची तुले येते. भांडणही तुहंच. आणखी काय पाह्यजे?"

श्रीकांत देवधरे हळूच खाकरले. पातळ आवाजाचा, स्वच्छ धोतराचा माणूस. "ठाणेदारसाहेब, एक गोष्ट नजरेस आणून देतो. कपाळावरचा टिळा. तो मातीच्या वर आहे, म्हणजे मेल्यानंतर लावलेला. बाहेरचा माणूस असं करणार नाही. ही इथल्या मजुरांची चाल आहे." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर एक मोठा फोटो होता. पावसात भिजलेल्या चिखलात ओळीनं निजवलेले मजूर, चेहरे धुऊन निघालेले, प्रत्येकाच्या कपाळावर काळा डाग. बाजूला टोपी घातलेले दोन गोरे आणि मोजणीची काठी धरलेला एक तरुण. फोटोखाली सुबक अक्षरात चिठ्ठी: 'खाणीत मृत्यू पावलेल्या सहकाऱ्याच्या कपाळी येथील मजूर काळा टिळा लावून त्यास निरोप देत.'

ठाणेदारांनी मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली.

"नाही जी," चिंधू पुढे झाला, "हे असं नाही..."

त्याच्या तोंडावर थप्पड बसली. गरिबाचं वाक्य अर्ध्यावर तोडायला आपल्याकडे एवढं पुरतं.

"चारच्या मोटारीनं छिंदवाड्याले जाईन हा," ठाणेदार हात झटकत म्हणाले. "तठी गेला का कबूलच करते."

बाईंचं लक्ष तिथं नव्हतं. फोटोत डावीकडून तिसरा माणूस त्यांचा बाप होता.

४

पंचफुला व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. बाई दिसताच तिनं त्यांच्या पायांवर हात ठेवले.

"बाई, छिंदवाड्याहून वापस येत नाही कोणी. माह्या भावाचं काय झालं, तुमी पायलं ना? धा नख्या उपटल्या. अन् त्यानं त कोंबडीही चोरली नोहती."

"ऊठ पंचे. मोटारीले वेळ हाय अजून."

बाई ठाणेदारांकडे गेल्या. "चिंधूखेरीज सकाळी खाणीत जाऊन आलेल्या तिघांना दोन-दोनच प्रश्न विचारणार आहे. मग न्या तुमचा चिंधू."

"बाई, तुमी शाळा शिकवा ना. खून मले पाहू द्या."

"तुमची धाकटी माझ्याच वर्गात आहे, ठाणेदारसाहेब. अंदाजे उत्तर लिहायची सवय तिला कुणाची लागली ते आज समजलं."

शिपाई तोंड फिरवून हसला. ठाणेदार कुरकुरत बाईंच्या मागे निघाले.

व्हरांड्याच्या एका टोकाला भैय्याजी ठेकेदार पान चघळत बसले होते. खाणीच्या वरच्या अंगाला नवा खड्डा त्यांचाच. गुणवंता त्यांच्या मजुरांना जोडून संप करायला निघाला होता. आज सकाळी हारांच्या टोपल्या घेऊन तेही खाणीत जाऊन आले होते.

"भैय्याजी, गुणवंता मेला. तुम्हाला बरं वाटलं असेल."

"झूठ कायले बोलू? वाटलं. पण मारायचं असतं ना बाई, त म्या खड्ड्यात मारलं असतं, दगड पडला म्हणून सांगितलं असतं. आजवर कोणी विचारलं का?" एवढं निर्लज्ज बोलून ते थुंकले.

"या खाणीतला काळा टिळा कशासाठी लावतात?"

"हे काय आता? अरे, मायले वायदा देते, का मी वर येतो म्हणून. अन् वर आलं का पुसते. त्या पुसापुशीत माहा अर्धा घंटा बरबाद होते रोज, रांग लावून उभे राहते साले. बंद करा म्हटलं त काम बंद करते."

"बंगल्यात आत जाऊन आलात का कधी?"

"कोण सोडते? त्या देवधऱ्यानं कुलूप लावून ठेवलं, जसा काही खजिना हाय."

दुसऱ्या टोकाला मोहगावचे यशवंतराव मालगुजार. मालगुजारी कायद्यानं गेली, ऐट तेवढी राहिली. बंगल्याखालची जमीन त्यांनीच दान दिली होती, आणि फलकावर त्यांचं नाव यायचं होतं. गुणवंता म्हणत फिरत होता, की त्या जागी मेलेल्या मजुरांची नावं लावा. यशवंतरावही सकाळी फलक कुठे लावायचा ते पाहायला खाणीत गेले होते.

"मी अशा माणसाच्या अंगाला हात लावीन? विटाळ होईल," ते म्हणाले.

"टिळा कशासाठी असतो?"

"नजर लागू नये म्हणून. पोरांना नाही का गालबोट लावत, तसंच. अडाणी लोक ते."

"संग्रहालय पाहिलंत?"

"जमीन माझी, अन् मलाच दाखवलं नाही! म्हणे, उद्घाटनाच्या आधी कोणालाच नाही."

ठाणेदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, टिळ्याचं काय लावून ठेवलं तुमी? टिळ्याचा अर्थ त त्या कागदावर लिहिलाच हाय ना."

"हो. लिहिला आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय."

५

आतल्या दालनात उन्हं तिरपी झाली होती. काचेच्या पेट्यांतले दगड त्या उजेडात ओले दिसत होते. चिंधू कोपऱ्यात, हात बांधलेले. देवधरे खुर्चीवर ताठ. भिंतीवर ते मेलेले मजूर, आणि व्हरांड्यातून येणारा मातीचा वास. बाईंना एकाएकी असं वाटलं, की फोटोतले सगळे कान देऊन आहेत.

"श्रीकांतराव, ही टिळ्याची माहिती फार मोलाची आहे. मी इथं जन्मले आणि मला ती नव्हती. कुठल्या पुस्तकात मिळाली?"

देवधऱ्यांचा चेहरा खुलला. विद्वानाला पकडायचं तर त्याच्या विद्वत्तेनंच पकडावं. "पुस्तकात? हा विषय कुणी हाताळलेलाच नाही, बाई. हे माझं स्वतःचं निरीक्षण. हा फोटो पहा. एकूण एक मृताच्या कपाळी टिळा. मी इथं मोजणीला होतो तेव्हा रोज शेकडो मजूर पाहिले, एकाच्याही कपाळावर टिळा नव्हता. म्हणजे तो मेल्यानंतरच लावलेला. साधा तर्क आहे."

"एखाद्या मजुराला विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना स्वतःच्या चालीचा अर्थ सांगता येत नसतो."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं? साहेबांना? यशवंतरावांना?"

"छे! उद्घाटनाच्या भाषणात प्रथमच मांडणार होतो. चिठ्ठी मी काल लिहिली, मीच लावली, आणि कुलूप घातलं. सांगितलं असतं तर कुणीतरी आपल्या नावावर खपवलं असतं."

"म्हणजे हा शोध फक्त तुमचा."

"पूर्णपणे."

"ऐकलंत ना, ठाणेदारसाहेब?" बाईंचा आवाज बदलला. "हा शोध साफ खोटा आहे."

देवधऱ्यांनी मान वळवली.

"टिळा मेलेल्याचा नाही, जित्याचा आहे. खाणीत उतरताना लावायचा, केसांच्या मुळाशी. मायला शब्द द्यायचा, मी वर येईन. वर आलं की पुसायचा, शब्द पुरा झाला. आणि कुणी आत मेला, तर त्याला हात लावायच्या आधी त्याचा टिळा पुसतात, रडणं त्याच्या मागून. न पुसता ठेवलं तर तो खालीच राहिला, असं आमच्यात धरतात. जित्या मजुरांच्या कपाळावर तुम्हाला टिळा दिसला नाही, कारण वर येईस्तोवर त्यांचं तोंड खाणीइतकंच काळं झालेलं असायचं, आणि त्यांचं धुतलेलं तोंड पाहायला तुम्ही कधी थांबलाच नाहीत. या फोटोतले चेहरे पावसानं धुतले. तेलातला टिळा पाण्यानं जात नाही. फोटो काढायची घाई, म्हणून गोऱ्यांनी पुसणाऱ्यांना अडवलं असेल. तेवढ्यावर तुम्ही चाल रचली!"

"समजुतीची चूक होऊ शकते," देवधरे म्हणाले. "त्यानं काय सिद्ध होतं?"

"चुकीनंच सिद्ध होतं. खरी गोष्ट इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे, तिनं कुणी सापडला नसता. भैय्याजी टिळ्याला वायदा समजतात. यशवंतराव गालबोट समजतात. चिंधू मेलेल्याचा टिळा पुसेल, लावणार नाही, हात तोडले तरी नाही. मेलेल्या माणसाला टिळा लावतात असं या मुलखात एकच माणूस समजत होता, आणि ती समजूत त्यानं कुलपात ठेवली होती. गुणवंताच्या कपाळावर तीच उमटली आहे. आळ मजुरावर जावा म्हणून मजुराची चाल वापरलीत. पण चाल मजुराची नव्हती, तुमची होती."

ठाणेदारांनी चिठ्ठीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "पण बाई, टिळा लावून तो आत गेला असन तर? चिंधूनंच सकाळी..."

"चिंधूभाऊ, सकाळी गुणवंताले टिळा लावला होता तू?"

"लावला ना. थेच त सांगून राहिलो होतो."

"कुठं?"

चिंधूनं बांधलेले हात उचलले आणि आपल्या केसांच्या मुळाशी नेले.

सगळे व्हरांड्यात आले. ठाणेदारांनी स्वतः वाकून प्रेताचं मुंडासं मागे सरकवलं. कापडाखाली माती पोचली नव्हती. तिथं, पांढऱ्या केसांच्या कडेला, तेलानं चकाकणारा दुसरा टिळा होता. खालचा मातीवरचा, मँगनीजच्या कोरड्या भुकटीचा, मेलेल्याला दिलेला. वरचा कातडीवरचा, परत येतो म्हणून सांगून गेलेला. भैय्याजींचं पान चघळणं थांबलं.

"एका माणसाले चिंधू दोन टिळे कायले लावन?" ठाणेदार स्वतःशीच पुटपुटले. मग देवधऱ्यांकडे वळले. "बोला, साहेब."

"मी कशाला मारीन त्याला?" देवधऱ्यांचा पातळ आवाज फाटला. "माझी भोपाळला नेमणूक..."

"फोटोत मोजणीची काठी धरून उभा आहे तो पोरगा कोण?" बाईंनी विचारलं. "स्वातंत्र्याच्या वर्षी जुन्या बोगद्याचे लाकडी टेकू काढून नव्याला लावले. मजूर आत असतानाच छत बसलं. टेकू काढायचा हुकूम तोंडी होता. घेणारा गुणवंता. देणारा कोण, हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण आज भाषण होणार होतं, आणि त्याआधी तो ती जागा पाहायला गेला. काय म्हणाला तो तुम्हाला?"

"दहा वर्षं!" देवधरे ओरडले. "दहा वर्षं गप्प बसला, आणि आजच त्याला मेलेल्यांच्या नावांबरोबर माझंही नाव घ्यायचं होतं! साहेबांसमोर! बाहेर लोक जमायला लागले होते, मी त्याला हात जोडले..."

एवढं सगळ्यांनी ऐकलं. चारच्या मोटारीसाठी शिपायांनी त्यांचे दंड धरले.

६

चिंधूचे हात सोडले. थप्पड परत घ्यायची काही रीत ठाणेदारांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी विडी पुढे केली. चिंधूनं ती घेतली नाही.

"पाणी आण," तो पंचफुलाला म्हणाला.

तिनं पदराचा शेव भिजवून दिला. चिंधू गुणवंताजवळ बसला. भुवयांमधला खोटा टिळा त्यानं नुसत्या बोटानं झाडला, भिंतीवरची धूळ झाडावी तसा. मग वरचा, खरा, ओल्या पदरानं हळूहळू पुसला. तेलाचा होता, लवकर जाईना. पुरता गेल्यावर पंचफुलानं तोंड उघडलं आणि गळा काढला. तोवर एक हुंदका तिनं येऊ दिला नव्हता.

बाई दालनात गेल्या. ती चिठ्ठी ओढून काढली, तिचे दोन तुकडे केले. बापाच्या फोटोपुढे उभ्या राहून पदराचं टोक काचेवर फिरवलं. काच स्वच्छ झाली. आतला डाग तसाच.

"त्याचा पुसला होता, प्रेमाबाई." दारात चिंधू उभा होता. "फोटूवाला हटल्याबरोबर. म्याच पुसला, ह्या हातानं."

बाईंनी मान हलवली.

"अन् तुमी अजून खालीच हाव," चिंधू म्हणाला. "सकाळपासून."

त्यांना तेव्हा आठवलं. त्या खाली वाकल्या. चिंधूनं त्यांचा पदर मागे सारला आणि ओल्या कापडानं केसांची कड पुसली, एकदा, दोनदा, तेलाची शेवटची चिकटी जाईस्तोवर.

"झालं," तो म्हणाला. "आता वर आली, पोरी."